मदत हवी आहे: स्कीमातून बनवलेल्या क्लासने एक्सएमएल सेव्ह केली की काही दर बदलतात, काही नाहीत

फोंडा_तिस्क
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचं पावत्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. मोबदला म्हणजे जत्रेचा महाप्रसाद आणि वर्षभर टोमणे. अभिषेक, एकादशनी, कुंकुमार्चन, पालखी अशा ४१ सेवा आणि त्यांचे दर एका एक्सएमएल फाइलमध्ये आहेत. काउंटरवरचं पावतीचं यंत्र रोज सकाळी तीच फाइल वाचतं. यंत्रवाल्यांनी एक्सएसडी दिली होती, म्हणजे फाइलमध्ये कोणते टॅग कसे हवेत हे सांगणारी स्कीमा फाइल. तिच्यावर एक्सएसडी डॉट ईएक्सई हे टूल चालवून सी शार्पचे क्लास काढले. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, साधा विंडोज फॉर्म. मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोड चिकटवत नाही, तोंडीच सांगतो.

एक्सएमएल सीरियलायझरने डीसीरियलाइझ करून, म्हणजे फाइलमधल्या मजकुराचे ऑब्जेक्ट बनवून, वाचणं चाललं. सेवांचा ॲरे मिळतो, लिस्ट नाही. म्हणून नवी सेवा घालताना टूलिस्ट करून, ॲड करून, परत टूॲरे करावं लागतं. तेही जमलं.

आता घोळ. कमिटीने एकादशनीचा दर ५०१ वरून ६०१ केला. बदलला, सेव्ह केला, फाइलमध्ये ६०१ आले. कौल प्रसादाला आजवर दर नव्हता, ज्याची जशी इच्छा. आता ५१ ठरवलेत. ऑब्जेक्टमध्ये ५१ टाकतो, डीबगरमध्ये ५१ दिसतात, सीरियलाइझ (ऑब्जेक्ट परत फाइलमध्ये लिहिणं) बिनतक्रार होतं. फाइल उघडली तर त्या सेवेला रकमेचा टॅगच नाही! ॲडमिन म्हणून चालवून पाहिलं, क्लास परत काढले, अँटिव्हायरस बंद केला. सोमवारी पालखी आहे, कोणीतरी वाट दाखवा.

डिचोलीकर
फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये सेव्ह होत असणार. बिनमधलं डीबग फोल्डर बघा. माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

फोंडा_तिस्क
तसं असतं तर एकादशनीही बदलली नसती ना दादा. फाइल तीच आहे.

नीरफणस
तिस्कबाब, उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. ज्या सेवेला आधी रक्कम होती तिची बदलली, जिला नव्हती तिची आली नाही. एक्सएसडीमध्ये रकमेला मिनऑकर्स शून्य असणार, म्हणजे टॅग असला तर असला. डेसिमल हा व्हॅल्यू टाइप, त्याला नल, म्हणजे 'काहीच नाही', ठेवता येत नाही. मग 'टॅगच नाही' हे कसं कळणार? म्हणून टूल शेजारी आणखी एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) बनवतं, त्याच नावापुढे 'स्पेसिफाइड' जोडून. वाचताना टॅग सापडला तर तो ट्रू होतो, नाहीतर फॉल्सच राहतो. लिहिताना सीरियलायझर आधी हा बूलियन पाहतो. फॉल्स असला की तुमचे ५१ तसेच टाकून पुढे जातो, ना एरर ना सूचना. रक्कम भरल्यावर तो ट्रू करा. इंटिजर, डेटटाइम, बूलियन, ईनम, सगळ्यांचं हेच. स्ट्रिंगला मात्र ही भानगड नाही, नल असली की टॅग येत नाही.

पण टूलने काढलेल्या फाइलमध्ये हात घालू नका, पुढच्या वेळी क्लास काढले की सगळं पुसलं जाईल. क्लास पार्शल असतात, म्हणजे एकच क्लास दोन फाइलमध्ये वाटून लिहिता येतो. वेगळ्या फाइलमध्ये 'दरठेवा' अशी मेथड लिहा, ती दोन्ही भरेल.

पेडण्याचा_जावावाला
आमच्या जावातल्या जॅक्सबीमध्ये (तिथलं असंच टूल) हे दुखणं नाही. ऐच्छिक इंट असला तर इंटिजर ऑब्जेक्ट मिळतो, नल म्हणजे नाही. मात्र यादीला सेटर नसतो, गेटरने मिळालेल्या लिस्टमध्येच ॲड करायचं. आणि जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेतूनच (जावाच्या मूळ संचातूनच) काढलंय, वेगळं आणावं लागतं. घरोघरी मातीच्या चुली.

फोंडा_तिस्क
नीरफणस, पाय कुठे आहेत तुमचे! ५१ आले. पण आज बंद पडलेल्या दोन सेवा यादीतून काढल्या आणि यंत्राने फाइलच नाकारली: 'डेटा ॲट द रूट लेव्हल इज इनव्हॅलिड'. नोटपॅडमध्ये शेवटी गेलो तर यादीचा बंद टॅग नीट आहे, आणि त्याच्या खाली अर्धवट तुटलेल्या एका टॅगचं शेपूट, मग एक अख्खी जुनी सेवा आणि तोच बंद टॅग पुन्हा.

नीरफणस
फाइल डॉट ओपनराइट वापरलंय ना? ते जुनी फाइल रिकामी करत नाही, सुरुवातीपासून वर लिहीत जातं. नवा मजकूर आखूड झाला की जुन्याचं शेपूट उरतं. आजवर तुमची फाइल वाढतच होती, म्हणून कळलं नाही. फाइलमोड डॉट क्रिएट वापरा, ते आधी जुनी फाइल रिकामी करतं.

त्याहून बरं, थेट मूळ फाइलवर लिहूच नका. शेजारी तात्पुरती फाइल लिहा, स्ट्रीम बंद करा, एक्सएसडीशी पडताळा (सीरियलायझर स्वतः पडताळत नाही) आणि मग फाइल डॉट रिप्लेस करा. बॅकअपचं नाव दिलं की ते जुनी प्रतही बाजूला ठेवतं. पावसाळ्यात सेव्ह चालू असताना वीज गेली तर अर्धी फाइल घेऊन यंत्रासमोर बसाल.

फोंडा_तिस्क
केलं, चाललं. आता शेवटचं, आणि हे जिव्हारी लागणारं. आमचे जुने कारकून काका फाइलमध्ये कमेंट घालून ठेवायचे. 'ही सेवा श्रावण सोमवारी दुपारी १२ नंतर घेऊ नये', 'नारळ आपला आणावा', असं बरंच. माझ्या पहिल्याच सेव्हमध्ये सगळ्या गेल्या. काका आता थकलेत, त्यांना विचारायलाही लाज वाटते.

नीरफणस
जाणारच. क्लासमध्ये कमेंटला जागाच नाही, वाचतानाच गळतात. स्कीमात नसलेले टॅगही असेच जातात. तुमच्यासारखा एखाददुसरा दर बदलायचा तर वाचायला क्लास वापरा आणि लिहायला एक्सडॉक्युमेंट, ते कमेंटसकट अख्खी फाइल धरून ठेवतं. लोड करताना प्रिझर्व्हव्हाइटस्पेस द्या, सेव्ह करताना डिसेबलफॉरमॅटिंग, म्हणजे काकांची मांडणीही हलणार नाही.

एक सांभाळा: सेटएलिमेंटव्हॅल्यू नवा टॅग नेहमी शेवटी जोडतं. स्कीमात सीक्वेन्स (टॅगचा ठरलेला क्रम) असेल तर रक्कम चुकीच्या जागी गेली म्हणून यंत्र परत रुसेल. नावाचा टॅग शोधून ॲडआफ्टरसेल्फ करा. आणि स्कीमाला टार्गेट नेमस्पेस (टॅगच्या नावांना जोडलेली ओळख) असेल तर शोधताना तो लावा, नाहीतर काहीच सापडणार नाही.

जुनी प्रत कुठे आहे का?

फोंडा_तिस्क
काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, कुंकवाच्या पुडीखाली एक पेनड्राइव्ह सापडला. त्यात मागच्या गणेशचतुर्थीची फाइल होती, काकांच्या सगळ्या कमेंटसकट. तीच घेतली, तुम्ही सांगितलं तसे दर घातले, काढलेल्या दोन सेवा काढल्या. यंत्राने घेतली. पालखीआधी कौल प्रसादाची पहिली पावती ५१ ची फाडली, ती अध्यक्षांच्याच नावाने.