क्रिएटिनिन नॉर्मल, तरी केमो पुढे ढकलली. असं का?

अबोली:
आई ६८ वर्षांची, लंग कॅन्सर (ॲडेनोकार्सिनोमा), पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं चालू आहेत. तिसऱ्या सायकलआधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) ०.९ आलं, सुरुवातीला ०.७ होतं, म्हणजे दोन्ही रेंजमध्येच ना, तरी डॉक्टर म्हणाले क्लिअरन्स (किडनी रक्त साफ करते तो वेग) कमी झालाय, आठवडाभर थांबू. उलट्यांमुळे खाणंपिणं नीट नाही, वजन ५० वरून ४६ वर आलंय. पाठ दुखते म्हणून अधूनमधून आयबुप्रोफेन घेते. थांबल्यामुळे आजार वाढेल का, याचीच धास्ती वाटतेय.

निशिगंध:
ताई, नुसतं क्रिएटिनिन बघून कळत नाही. ते स्नायूंमधून तयार होतं, त्यामुळे बारीक, वयस्कर माणसात किडनी मंदावली तरी आकडा छान दिसतो. क्लिअरन्स डॉक्टर बहुतेक कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने काढतात: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाईमाणसासाठी वर ०.८५ ने गुणायचं. तुमच्या आईंचं आधी साधारण ६१ येतं, आता ४३. आणि पेमेट्रेक्सेड ४५ च्या खाली देत नाहीत, कारण त्याचा ७० ते ९० टक्के भाग आहे तसाच लघवीतून बाहेर जातो, किडनी हळू चालली तर औषध अंगात रेंगाळतं आणि पांढऱ्या पेशी पडतात, तोंड येतं, जुलाब लागतात. एखादा आठवडा मागेपुढे होणं केमोत नेहमीचंच आहे, पेशी पडून इन्फेक्शन झालं तर त्याहून जास्त दिवस जातात.

कार्बोप्लॅटिनचा तर डोसच किडनीवर ठरतो, एयूसी गुणिले (जीएफआर + २५). एयूसी म्हणजे औषध शरीरात एकूण किती मिळावं याचं ठरवलेलं माप, आणि जीएफआरच्या जागी हाच क्लिअरन्सचा आकडा धरतात. एयूसी ५ धरला तर आधी ४२८ मिलिग्रॅमच्या आसपास, आता ३४०. म्हणजे पुढच्या वेळी डोस कमी दिसला तर घाबरू नका, औषध शरीरात तेवढंच मिळावं म्हणूनच तो कमी करतात.

रानवारा:
ते आयबुप्रोफेन आधी डॉक्टरांना सांगा, आजच. अशा गोळ्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं आणि पेमेट्रेक्सेड बाहेर पडणंही मंदावतं. क्लिअरन्स ४५ ते ७९ मध्ये असेल तरी डोसच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत ती बंद ठेवायला सांगतात. पाठीसाठी दुसरं काय चालेल ते त्यांनाच विचारा, दुखणं अंगावर काढायला लावू नका. उलट्यांवरचं औषधही बदलून मागा, पाणी कमी पडल्यानेच क्रिएटिनिनचा आकडा चढला असेल तर तो खाली येऊ शकतो.

अबोली:
आयबुप्रोफेनचं कुणी विचारलंच नव्हतं, लगेच फोन करते. पेमेट्रेक्सेडसोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी या आठवड्यात चालू ठेवायची का?

निशिगंध:
हो, ती रोजचीच आहे, केमो पुढे गेली म्हणून थांबवायची नाही, शेवटच्या डोसनंतरही २१ दिवस घ्यायची असते. त्याच्याच जोडीचं बी-१२ चं इंजेक्शन दर ९ आठवड्यांनी, त्याची तारीख पण फोनवरच विचारून घ्या.