स्टेल्थ विमानाचा वाकडातिकडा आकार : खरंच कामाचा की नुसती हवा?

निशाचर (धागाकर्ता)
स्टेल्थचा, म्हणजे रडारला चकवणाऱ्या विमानांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, त्याला एक स्पेशल काळा रंग मारतात, तो रडारच्या लहरी पिऊन टाकतो, झालं. रंग असतो, नाही म्हणत नाही, पण तो उरलंसुरलं पुसायला. खरं काम आकाराचं. रडारने सोडलेल्या लहरी विमानावर आपटून त्याच्याच अँटेनाकडे परत आल्या तर विमान दिसणार, म्हणून त्या भलतीकडे पाठवायच्या, एवढाच खेळ. अमेरिकेच्या एफ-११७ या स्टेल्थ विमानाचा फोटो नीट बघा, सगळ्या सपाट तिरक्या पाट्या, गोलाई औषधालाही नाही. इंजिनाच्या तोंडावर बारीक जाळी, कारण आतले पंखे रडारला लगेच दिसतात. दारांच्या कडासुद्धा करवतीच्या दात्यांसारख्या, म्हणजे कडेवरून उडालेली लहर सरळ मागे जात नाही.

आणि गंमत म्हणजे याचं गणित रशियन आहे. उफिम्त्सेव नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये कडांवरून लहरी कशा विखुरतात ते मांडलं, सोव्हिएत लोकांना त्यात काही दम वाटला नाही म्हणून छापू दिलं, १९७१ मध्ये अमेरिकन हवाई दलाने भाषांतर करून घेतलं आणि एफ-११७ बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीच्या ओव्हरहोल्सरने त्यावरून कॉम्प्युटर प्रोग्रॅम केला. त्या काळच्या कॉम्प्युटरला गोलाईचा हिशोब झेपत नव्हता म्हणून त्या पाट्या. पुढे कॉम्प्युटरची ताकद वाढली तेव्हा बी-२ हे नंतरचं स्टेल्थ बॉम्बर गुळगुळीत झालं. माझं म्हणणं एवढंच, आकार जमला नाही तर कितीही रंग फासा, उपयोग शून्य.

मीटरवेव्ह
हे सगळं ब्रोशरमध्ये छान दिसतं हो. २७ मार्च १९९९ ला सर्बियात हेच एफ-११७ पाडलं ना? आणि कशाने, तर साठच्या दशकातल्या एस-१२५ मिसाइलने. आधी ज्या पी-१८ रडारने हेरलं ते मीटर लांबीच्या लहरी सोडतं. लहरीची लांबी शेपटीच्या किंवा पंखाच्या टोकाच्या आकाराएवढी झाली की तुमच्या तिरक्या पाट्यांना कोण विचारतो, तो अख्खा भागच घंटेसारखा वाजायला लागतो, म्हणजे लहर रडारकडे परत फेकतो. म्हणजे आकाराची मात्रा चालते फक्त छोट्या लहरींवर.

निशाचर
@मीटरवेव्ह, अहो पण लॉक, म्हणजे मिसाइल सोडण्याइतकी पक्की पकड, किती अंतरावरून मिळाला तेही सांगा की! पंधरा किलोमीटरच्या आत. रडारला विमान किती लांबून दिसतं ते आरसीएसच्या, म्हणजे विमान रडारला केवढं मोठं दिसतं त्या मापाच्या, चौथ्या मुळावर ठरतं. आरसीएस दहा हजार पटीने कमी केला तर अंतर फक्त दहा पटीने घटतं, २०० किलोमीटरवर दिसणारं २० वर दिसतं. अदृश्य होतं असं म्हटलंय कोणी? पण त्या २० किलोमीटरचीच तर किंमत आहे, दोन रडारांच्या मधून वाट मिळते. १९९१ मध्ये बगदादवर हीच विमानं रात्री जात होती, त्या युद्धात एकही पडलं नाही. सर्बियात त्याच त्याच वाटेने पाठवत राहिले, समोर मिसाइल तुकडीचा दानी नावाचा कमांडर हुशार निघाला. वाट ठरवणाऱ्याचं पाप आकाराच्या माथी कशाला?

भोचक
ते स्क्रूचं खरंय का? तीन स्क्रू नीट आवळले नव्हते आणि विमान रडारवर चमकलं म्हणे?

निशाचर
खरंय. हॅव ब्लू, म्हणजे एफ-११७ च्या आधीचं टेस्ट विमान. स्क्रूची डोकी जराशी वर राहिली होती, बास. त्याच्याही आधी वाळवंटात खांबावर मॉडेल लावून टेस्ट घेतली तर रडारवाल्याला वाटलं मॉडेल खाली पडलं, तेवढ्यात त्यावर एक पक्षी येऊन बसला आणि तो दिसला.

ओझरकर
आमच्या नाशकात सुखोई-३० लढाऊ विमानं जोडतात, आठ टन शस्त्रं उचलतं गडी. तुमचं एफ-११७? दोन बॉम्ब, प्रत्येकी नऊशे किलोचे. तोफ नाही, स्वतःचं रडार नाही, इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर नाही, आवाजाच्या वेगाच्या आत. आकार असा की कॉम्प्युटर सतत सावरत नसेल तर पायलटला ते हवेत धरताच येणार नाही. आकारासाठी विमानाचं विमानपणच विकलं की. २००८ मध्ये रिटायर केलं ते उगाच नाही.

मीटरवेव्ह
+१. आणि सुखोईच्या दोन उभ्या शेपट्या, खाली टांगलेली मिसाइलं, काटकोनच काटकोन, रडारला मेजवानी आहे हे मान्य, पण निदान लढतं तरी.

निशाचर
@ओझरकर, अमेरिकेचं नंतरचं स्टेल्थ फायटर एफ-२२ बघितलंत का? शेपट्या बाहेर कललेल्या, मिसाइलं पोटात, आणि तरी सुपरसॉनिक, तोफही आहे. १९७७ च्या हॅव ब्लूवरून आजचा हिशोब नका लावू. आपल्या ॲम्काला, म्हणजे होऊ घातलेल्या देशी स्टेल्थ फायटरला, मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, त्यातही शस्त्रं पोटात आणि इंजिनाकडे जाणारी वाट नागमोडी, पंखे समोरून दिसू नयेत म्हणून. इतकी डोकी उगाच तिकडे गेलीत का?

मीटरवेव्ह
नागमोडी वाट झाली, शेपट्यांचं काय? बी-२ ला शेपूटच नाही आणि पंख ५२ मीटरचे, म्हणून मोठ्या लहरींपुढे ते जरा तरी टिकतं. ॲम्काला दोन शेपट्या आहेत, कललेल्या का होईना, त्या काही मीटरच्याच. समोरच्याने पी-१८ च्या जातीचं नवं रडार लावलं तर काय, यावर बोला.

निशाचर
बोलतो. मोठ्या लहरींना "तिकडे कुठेतरी काहीतरी आहे" एवढंच कळतं, मिसाइल नेमकं घालायला छोट्या लहरींचं रडार लागतंच, आणि तिथे आकार पुन्हा आडवा येतो.

ओझरकर
"कुठेतरी काहीतरी" कळलं की आमचं सुखोई तिकडे पाठवता येतं हो साहेब. पुढचं उष्णता हेरणारं इन्फ्रारेड बघून घेईल, त्याला तुमच्या रडार चुकवणाऱ्या आकाराशी फारसं देणंघेणं नाही.