[दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का? ड्रायझाइटलवरचा लेख

प्रेषक: संपादन समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

यंदाच्या दिवाळी अंकात मुलांच्या विभागासाठी कोलोनच्या नववीतल्या एका मुलाने लेऑन ड्रायझाइटलवर लेख पाठवला आहे. मराठीत, स्वतः लिहिलेला. समितीत वाचला त्या सगळ्यांना आवडला.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: ड्रायझाइटल म्हणजे 1995 साली कोलोनमध्ये जन्मलेला आइस हॉकीपटू. कॅनडात एडमंटन ऑइलर्सकडून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये खेळतो. 2018-19 च्या मोसमात, वयाच्या 23व्या वर्षी, त्याने 82 सामन्यांत 50 गोल आणि 55 असिस्ट मिळून 105 गुण केले. लेख त्या मोसमाबद्दल आहे.

प्रश्न एका वाक्याचा आहे. लेखात लिहिलंय, “एका मोसमात 50 गोल आणि 100 गुण करणारा तो पहिला जर्मन.” मुद्रितं तपासताना आखेनच्या अप्पांनी त्यावर खूण केली. त्यांचं म्हणणं त्यांनीच इथे मांडावं, म्हणजे सगळ्यांना कळेल.

आणखी एक विनंती. आपल्यातल्या बहुतेकांची हॉकी म्हणजे मैदानावरची, खडकीच्या धनराज पिल्लेची. बर्फावरच्या हॉकीत गुण कसे मोजतात ते कुणी दोन ओळींत सांगेल का? लेखाशेजारी छोटी चौकट टाकता येईल.

— संपादन समिती

*

प्रेषक: अप्पा, आखेन
विषय: Re: [दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का?

मंडळी,

मुलाचं लिखाण उत्तम आहे. वाक्यं आखूड, सरळ, आणि आकडे सगळे बरोबर. मी खूण केली ती डॅनी हीटलीमुळे.

हीटलीचा जन्म 21 जानेवारी 1981 चा, फ्रायबुर्गचा. वडील कॅनडाचे, त्या वेळी जर्मनीत हॉकी खेळत होते. आई जर्मन. या हीटलीने ओटावा सेनेटर्सकडून 2005-06 मध्ये 50 गोल आणि 103 गुण केले. पुढच्याच मोसमात पुन्हा 50 गोल. त्या 2006-07 चा पूर्ण हिशेब असा: 82 सामने, 50 गोल, 55 असिस्ट, 105 गुण.

आता ड्रायझाइटलचा 2018-19 चा हिशेब वर समितीने दिलाय तो परत बघा. 82, 50, 55, 105. चारही आकडे तेच! बारा वर्षांच्या अंतराने, जर्मनीतच जन्मलेल्या दोघांचे. मी दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या.

आणि हे इथेच संपत नाही. आपल्या मुन्स्टरकडच्या सभासदांना एम्सडेटन ठाऊक असेल. 1947 साली तिथे वॉल्ट कचूक जन्मला, वाढला कॅनडात, ऑन्टारियोत. न्यूयॉर्क रेंजर्सकडून 1969-70 मध्ये त्याने 77 गुण केले. ड्रायझाइटलने 2016-17 मध्ये किती केले? 77.

तेव्हा जन्मस्थळावरून लावलेली कोणतीही यादी काढा, 50 गोल आणि 100 गुण या दोन्हींत हीटली आधी येतो. छापलेलं वाक्य राहतं. पोराच्या लेखावर उद्या कुणी बोट ठेवू नये, एवढंच मला वाटतं.

— अप्पा

*

प्रेषक: कोलोन-डॉइट्सची सभासद
विषय: Re: Re: [दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का?

अप्पा, नमस्कार.

आकड्यांबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. पण जन्मस्थळाचा नियम एकदा लावला की तो लेऑनच्या घरातच अडतो. त्याचे वडील पेटर ड्रायझाइटल जन्मले कार्विनाला, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. मग त्यांना जर्मन म्हणायचं नाही?

जर्मन हॉकीतली सगळ्यात लक्षात राहिलेली पेनल्टी त्यांची आहे. 1992 चं आल्बेरव्हिल ऑलिंपिक, उपांत्यपूर्व सामना, समोर कॅनडा. जादा वेळेनंतरही 3-3. मग पेनल्टी शूटआउट, आणि जर्मनीचा शेवटचा फटका पेटरचा. पक, म्हणजे बर्फावरची रबरी चकती, गोलरक्षक शॉन बर्कच्या पायांतून मागे निसटला, घरंगळत गोलाकडे गेला, आणि रेषेवर येऊन थांबला. पलीकडे गेलाच नाही. जर्मनी बाहेर, आणि कॅनडा पुढे जाऊन रौप्यपदक घेऊन आला. आमच्या इमारतीतले एक वयस्क गृहस्थ अजून दोन बोटांनी दाखवतात, पक किती राहिला होता ते. लेऑनचा जन्म त्यानंतरचा, पण कोलोनमध्ये त्याची ओळख बरीच वर्षं “पेटरचा मुलगा” हीच होती.

हीटली पोरवयात कॅलगरीला गेला, तिथेच खेळ शिकला आणि कॅनडाकडून खेळला. 2010 च्या ऑलिंपिकमधलं कॅनडाचं सुवर्णपदक त्याच्याकडे आहे. त्याच्या 50 गोलांचा आनंद फ्रायबुर्गमध्ये कुणी साजरा केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लेऑनचं इथे वेगळं होतं.

3 ऑक्टोबर 2018 ला, म्हणजे हा लेख ज्या मोसमावर आहे तो सुरू होण्याच्या तोंडावर, ऑइलर्स इथे डॉइट्सच्या लांक्सेस अरेनात कोलनर हाइए संघाशी सराव सामना खेळायला आले होते. आम्ही होतो. हाइएचे प्रशिक्षक त्या वेळी पेटरच! म्हणजे एका बाकामागे बाप उभा, आणि मुलगा समोरच्या संघात. ऑइलर्स जादा वेळेत 4-3 ने जिंकले, पण त्या संध्याकाळी लोक निकालासाठी आलेच नव्हते. लेऑनचा 29 नंबर बर्फावर उतरला की सगळं अरेना पाहुण्या संघाच्या खेळाडूसाठी ओरडत होतं. हाइएचे लाल-पांढरे गळपट्टे घातलेले लोकसुद्धा.

आणि 2020 मध्ये जर्मनीच्या क्रीडापत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. आइस हॉकीपटूला तो मान तोवर कधीच मिळाला नव्हता. फुटबॉल सोडून दुसऱ्या खेळाची बातमी पहिल्या पानावर यायला इथे काय लागतं, ते आपण सगळे रोज बघतो.

माझं मत: वाक्य आहे तसंच राहू दे.

*

प्रेषक: एडमंटनहून, तुमची जुनी सभासद
विषय: Re: Re: Re: [दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का?

सगळ्यांना नमस्कार. ड्युसेलडॉर्फ सोडून इथे आले तरी यादीतून नाव काढलं नाही, ते अशा पत्रांसाठीच.

आधी चौकटीचं काम. आइस हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण. त्याच्याकडे पक पोचवणाऱ्याला एक, आणि त्याच्याही आधी ज्याने पास दिला त्याला एक. म्हणजे एका गोलामागे जास्तीत जास्त दोन असिस्ट. गोल आणि असिस्ट मिळून खेळाडूचे गुण. संघात गोलाएवढाच मान पासला आहे, आणि ड्रायझाइटल समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्याचे 50 गोल सगळ्यांना दिसतात. प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षा होऊन बाहेर बसला की पॉवर प्ले सुरू होतो, आणि हा उजव्या वर्तुळाच्या खाली, जवळजवळ गोलाच्या रेषेला लागून उभा राहतो. तिथून गोल दिसतो तो फटीएवढा. पास आला की थांबवायचा नाही, आलेला तसाच मारायचा. ऑइलर्सच्या अरेनात, रॉजर्स प्लेसमध्ये, त्या कोपऱ्यामागे बसून पाहिलंय मी. आधी स्टिकचा ‘खाड’ आवाज येतो, मग लाल दिवा लागतो, पक दिसतच नाही.

पण इथले जुने प्रेक्षक उभे राहतात ते त्याच्या उलट्या बाजूच्या पासला. अंगावर बचावपटू टेकलेला, एका हाताने त्याला दूर ठेवलेला, आणि स्टिकच्या पाठीने दोघांच्या मधून पक बरोबर पलीकडच्याच्या पात्यावर. बाकीचे खेळाडू अशा वेळी पक कडेच्या फळीवर ढकलून मोकळे होतात. हा थांबतो. अर्धा क्षण जास्त थांबतो, आणि तेवढ्यात वाट उघडते.

त्या मोसमात ऑइलर्स प्लेऑफमध्येही, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांतही, पोचले नाहीत, हे लेखात यायला हवं. संघ हरत असताना केलेले 105 गुण आहेत हे. संघातलाच कॉनर मॅकडेव्हिड 116 वर होता, म्हणून याच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष कमी. गोलांत मात्र त्याच्या पुढे सगळ्या लीगमध्ये एकटा अलेक्झांडर ओवेच्किन, 51 गोलांचा.

आता अप्पांसाठी. पन्नासावा गोल झाला मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, 6 एप्रिल 2019 ला. कुठे? कॅलगरीत! हीटली ज्या गावात वाढला तिथे. आणि हीटलीचं नाव एडमंटनमध्ये काढाल तर जरा जपून काढा. 2009 मध्ये ओटावाने त्याला इकडे पाठवायचं ठरवलं होतं, करारातल्या हक्काने त्याने यायला नकार दिला. लोक ते विसरलेले नाहीत. दहा वर्षांनी फ्रायबुर्गवाल्याच्या नेमक्या त्याच आकड्याला जाऊन मिळाला तो इथे मनापासून राहिलेला कोलोनचा मुलगा. याचं आमच्याकडे फार कौतुक आहे.

शिवाय पुढच्या वर्षीचं बघा. 2019-20 मध्ये 71 सामन्यांत 43 गोल, 67 असिस्ट, 110 गुण. करोनामुळे 12 मार्च 2020 ला लीग थांबली, नाहीतर आकडा आणखी वर गेला असता. तरी गुणांत सगळ्या लीगमध्ये पहिला तोच. आर्ट रॉस (सर्वाधिक गुणांचा) आणि हार्ट (सर्वांत मोलाच्या खेळाडूचा) हे दोन्ही करंडक त्याला मिळाले, आणि याआधी कुठल्याच जर्मनाला ते मिळाले नव्हते. जन्मावरून मोजा की शिकण्यावरून, 110 च्या वर कुणी नव्हतं.

*

प्रेषक: लेखक (नववी)
विषय: Re: Re: Re: Re: [दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का?

अप्पा आजोबा, नमस्कार. मावशी, तुम्हालाही.

हे पत्र मी आईला न दाखवता लिहितोय, म्हणजे ते माझंच राहील.

हीटली मला माहीत होता. मी त्याला मुद्दाम घेतलं नाही. कारण सांगतो.

मी कोलोनच्या एका क्लबमध्ये खेळतो. आमचा सराव सकाळी शाळेच्या आधी असतो, कारण दुपारनंतर रिंक मोठ्यांना लागते. ड्रायझाइटल याच शहरात बर्फावर उभा राहायला शिकला. मग मानहाइमला गेला, तिथल्या मुलांच्या संघात. 2010-11 मध्ये तिथे त्याने 29 सामन्यांत 97 गोल केले आणि 95 असिस्ट. एकूण 192 गुण! म्हणजे एका सामन्यात सहाहून जास्त. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. नंतर तो कॅनडात प्रिन्स अल्बर्टला गेला आणि 2013-14 मध्ये 64 सामन्यांत 105 गुण केले. म्हणजे 105 त्याचा आधीपासूनचा आकडा आहे, आजोबा. एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या 2014 च्या निवडीत तो तिसरा होता.

त्याच्या आधी इथे शिकलेल्यांत सगळ्यात जास्त गुण मार्को श्टुर्मचे होते, 2005-06 मध्ये 59. श्टुर्म डिंगोल्फिंगचा. तो खूप मोठा खेळाडू होता आणि प्रशिक्षक म्हणून 2018 च्या ऑलिंपिकमध्ये त्याने जर्मनीला रौप्य मिळवून दिलं. तरी 59. मग 59 वरून 105 कसे झाले, मला त्याच्याबद्दल लिहायचं होतं. आमच्या प्रशिक्षकांना आम्ही लहान असताना कुणी सांगितलं असतं की जर्मन रिंकवर शिकलेला मुलगा 50 गोल करेल, तर त्यांचा विश्वास बसला नसता. हे ते स्वतः म्हणतात.

हीटली कॅलगरीत शिकला. कॅनडात शिकून 50 गोल करणारे आधीही होते.

आणि मला शाळेत विचारतात की तू नक्की कुठला. माझा जन्म इथला, आई-बाबा सांगलीचे. जन्मावरून एवढं सगळं ठरत असेल तर पेटर ड्रायझाइटल जर्मन नाहीत, आणि मला ते बरोबर वाटत नाही. जो जिथे शिकला आणि ज्यांच्यासाठी खेळला, तिथला तो.

प्लेऑफचं वाक्य मी घालतो. मावशींचं बरोबर आहे.

*

प्रेषक: अप्पा, आखेन
विषय: Re: Re: Re: Re: Re: [दिवाळी अंक] ‘पहिला जर्मन’ लिहायचं का?

चिरंजीव, शाब्बास. श्टुर्मचे 59 तुझ्या लेखात कुठेच नाहीत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. ते आधी घाल. 59 वाचल्याशिवाय 105 ची उंची वाचकाला कळणार नाही. मानहाइमचे 192 पण घाल.

मी सुचवतो ते वाक्य असं: “जर्मनीत हॉकी शिकून एनएचएलच्या एका मोसमात 50 गोल आणि 100 गुण करणारा पहिला खेळाडू.” यात तुझं म्हणणं पूर्ण येतं आणि कुणाला हरकत घ्यायला जागा राहत नाही. हीटलीला मात्र चौकटीत एक ओळ द्या. चारही आकडे जुळतात हे वाचून हॉकी न बघणारा माणूससुद्धा थांबेल. शिवाय हीटली 2015-16 मध्ये जर्मनीत परत येऊन न्युर्नबर्गकडून खेळला, आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. तेही एका ओळीत बसेल.

आणि पेटरच्या पेनल्टीसाठी अर्धं पान काढा. समितीने जागा नाही म्हणू नये. माझं स्मरणरंजन या अंकातून काढलं तरी चालेल.

— अप्पा

*

प्रेषक: संपादन समिती
विषय: Re: Re: Re: Re: Re: Re: [दिवाळी अंक] ठरलं

मंडळी,

अप्पांचं वाक्य लेखकाला फोनवर वाचून दाखवलं, त्याला मान्य आहे. गुण कसे मोजतात ती चौकट एडमंटनच्या पत्रातून घेतोय, खाली हीटलीची ओळ. पेनल्टीला अर्धं पान दिलं. अप्पांचा लेखही राहतोय, जाहिरातींचं एक पान कमी केलं आहे.

छायाचित्राचे हक्क मिळणं आपल्याला परवडणारं नाही. त्यामुळे लेखकाच्या धाकट्या बहिणीने काढलेलं 29 नंबरचं चित्र वापरतोय. त्यात स्टिक डाव्या हाताच्या खेळाडूची, म्हणजे बरोबर आहे. सुधारलेला मजकूर रविवारी रात्रीपर्यंत पाठवावा, सोमवारी पानं छपाईला जातील.

— संपादन समिती