सल्ला हवा: न्यू जर्सीत ग्रीनकार्डवर आलेल्या आईबाबांचा आरोग्य विमा, जानेवारीपासून सवलत बंद

मेतकूट_भात (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला राहतो. आईबाबा दोन वर्षांपूर्वी ग्रीनकार्डवर कायमचे इकडे आले. बाबा ६७, आई ६३. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, आईला मधुमेह. आल्या आल्या 'गेट कव्हर्ड एनजे'वर (राज्याच्या सरकारी विमा-बाजारात) दोघांसाठी सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन घेतला. दोघांचं उत्पन्न कमी, त्यामुळे सरकारी सवलत मिळून हप्ता नावापुरताच होता. आता नूतनीकरणाचं पत्र आलंय, त्यात १ जानेवारी २०२६ पासून सवलत शून्य आणि दोघांचा मिळून हप्ता महिन्याला चार आकडी. घरात कमावणारा मी एकटा, घराचं कर्ज चालू, दोन मुलं. एवढे पैसे दरमहा निघणार नाहीत.

बाबा खासगी कंपनीतून निवृत्त झालेत. ईपीएसचं पेन्शन किरकोळ आहे. मुदत ठेवींचं व्याज आणि निगडीच्या फ्लॅटचं भाडं धरून वर्षाला साधारण अकरा लाख रुपये होतात. जवळजवळ सगळं बाबांच्या नावावर.

ही सवलत खरंच गेली, की पत्रात काही गोंधळ आहे? फेडरल सरकारचं शटडाउन (निधीअभावी कामकाज बंद) संपताना विम्याच्या सवलतीवर सिनेटमध्ये मतदान घ्यायचं ठरलं, त्यातून आम्हाला काही मिळेल का? अजून एक. माझी मावसबहीण अमेरिकन नागरिक आहे, डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करते आणि एनजे फॅमिलीकेअरवर आहे (राज्यातलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा). तो टिकवायला कामाचे तास दाखवावे लागणार म्हणून ती फार घाबरली आहे. कुणी नीट समजावून सांगेल का?

रारिटनकाठी

पत्रात गोंधळ नाही. मी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांचे विम्याचे अर्ज भरायला मदत करतो. यंदा निम्मे प्रश्न हेच आहेत, आणि बहुतेक जण दोन वेगळ्या कपाती एकत्र धरतात.

पहिली कपात म्हणजे २०२१ पासून मिळणारी वाढीव कर-सवलत. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपते. शटडाउन झालं ते हिच्यावरून आणि सिनेटमधलं मतदानही हिच्याबद्दलच आहे. ती वाढवली तरी तुमच्या आईबाबांचा प्रश्न सुटत नाही.

तुम्हाला लागलेली कपात ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यातली आहे. ग्रीनकार्ड मिळून पाच वर्षं झाली नसतील तर प्रौढांना फेडरल मेडिकेड मिळत नाही, हा नियम १९९६ चा. पण ओबामाकेअर या आरोग्य विमा कायद्यात एक विचारपूर्वक ठेवलेली वाट होती: ज्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आहे आणि केवळ इमिग्रेशनच्या नियमामुळे मेडिकेड मिळत नाही, अशा कायदेशीर रहिवाशांना सरकारी विमा-बाजारातल्या विम्यावर सवलत मिळायची. आपल्याकडचे कितीतरी आईवडील याच वाटेने विमा घेत होते. ती वाट १ जानेवारी २०२६ पासून बंद. पाच वर्षांची अट मात्र जागेवरच आहे. म्हणजे मेडिकेड नाही आणि सवलतही नाही. रीतसर व्हिसा घेऊन, सगळी कागदपत्रं देऊन आलेल्या माणसांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी तुम्ही पाहायचा आकडा एकच. दोन माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा २०२६ च्या विम्यासाठी २१,१५० डॉलर धरली जाते. आईबाबांचं एकत्र उत्पन्न त्याच्या वर असेल तर ग्रीनकार्डधारक म्हणून सवलत आजही मिळते. अकरा लाख म्हणजे साडेबारा हजार डॉलरच्या आसपास. त्यामुळे तुम्ही खाली पडता.

चिंच_गूळ

आमच्या सासूबाईंनाही अगदी हेच पत्र आलंय. वाचतेय.

जमाखर्च

मेतकूट, कराच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

ग्रीनकार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. पेन्शन, व्याज, भाडं, सगळं. 'ते तर भारतातलं आहे' म्हणून अनेक घरांत सोडून दिलं जातं. तसं करू नका. ज्यांच्या वडिलांचं पेन्शन चांगलं आहे, दोन फ्लॅटचं भाडं येतं, ते खरा हिशेब मांडला तर २१,१५० च्या वर जातात आणि सवलतीला पात्र ठरतात. चिंच_गूळ, तुमच्या सासूबाई एकट्या असतील तर त्यांच्यासाठी हा आकडा १५,६५० आहे. सरकारी पेन्शनसाठी भारत-अमेरिका कर करारात वेगळं कलम आहे. ते ग्रीनकार्डधारकाला कसं लागू होतं हे दोन्ही देशांचं काम करणाऱ्या सीपीएला (कर सल्लागाराला) विचारूनच ठरवा.

कुणी सुचवेल की अंदाजे उत्पन्न फुगवून लिहा. अजिबात नको. अर्जावर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. शिवाय २०२६ पासून जादा मिळालेली सवलत परत करण्यावरची मर्यादा काढून टाकली आहे, निघेल ती पूर्ण रक्कम भरावी लागेल. हे पात्र असलेल्यांनीही लक्षात ठेवा. २०२६ मध्ये भारतात फ्लॅट विकणार असाल तर तो नफासुद्धा उत्पन्नात धरला जातो.

तुमच्यासाठी एक शक्यता दिसते. आईंच्या नावावर जवळजवळ काही नाही म्हणता. ज्याचं स्वतःचं वर्षाचं उत्पन्न साधारण ५,२०० डॉलरच्या आत आहे (२०२५ चा आकडा, दरवर्षी थोडा वाढतो) आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करता, अशा पालकाला तुम्ही आपल्या विवरणपत्रात अवलंबित दाखवू शकता. मग आई तुमच्या कर-कुटुंबात येतात. पाच जणांच्या कुटुंबाला २०२६ च्या विम्यासाठी १,५०,६०० डॉलर उत्पन्नापर्यंत सवलत मिळू शकते. पण त्यासाठी आईबाबांना एकत्र विवरणपत्र भरता येणार नाही. आणि तुमचा पगार त्या वरच्या टोकाला असेल तर मदत तुटपुंजी असेल, कारण उत्पन्नाच्या सुमारे दहा टक्के वाटा तुमचाच धरला जातो. आधी आकडेमोड करून घ्या, मगच ठरवा.

मेतकूट_भात

फार मोलाची माहिती, जमाखर्च. पगार वरच्या टोकालाच आहे. आकडेमोड करून बघतो. पण बाबांचं काय?

परिचारिका_वहिनी

मी सेंट्रल जर्सीतल्या एका रुग्णालयात काम करते. भाऊ, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला विम्याशिवाय ठेवू नका. दोघांचं झेपत नसेल तर निदान बाबांसाठी पूर्ण किमतीचा ब्रॉन्झ (सर्वांत कमी दर्जाचा, कमी हप्त्याचा) प्लॅन घ्या. औषधांना आणि तपासण्यांना खिशातून जाईल, पण नेटवर्कमधला (विमा कंपनीच्या यादीतल्या डॉक्टर-रुग्णालयांचा) वर्षाचा खर्च कितीही मोठा झाला तरी २०२६ मध्ये एका माणसावर १०,६०० डॉलरच्या वर बोजा येत नाही. हार्ट अटॅकचं बिल याच्या कैक पट असतं.

स्वस्तात मिळतं म्हणून 'नव्या स्थलांतरितांसाठी' असलेले प्लॅन घेऊ नका. बारीक अक्षरांत आधीचे आजार वगळलेले असतात, आणि तुमच्या दोघांचा प्रश्न नेमका आधीच्या आजारांचाच आहे.

न्यू जर्सीत एक चांगली सोय आहे, ती आपल्या लोकांना ठाऊकच नसते: चॅरिटी केअर. राज्यातल्या सर्व ॲक्युट केअर (अल्पकालीन, तातडीच्या उपचारांच्या) रुग्णालयांना ती द्यावी लागते. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असेल तर रुग्णालयाचं बिल माफ, तिपटीपर्यंत काही भाग माफ. मात्र मालमत्तेचीही अट आहे, एका माणसाला ७,५०० आणि कुटुंबाला १५,००० डॉलर. बँकेतल्या ठेवी त्यात धरल्या जातात, त्यामुळे भारतातल्या ठेवी दाखवल्यावर तुमचं बसणार नाही बहुधा. ज्यांच्या ठेवी नाहीत त्यांनी मात्र नक्की अर्ज करावा. आणि त्यात डॉक्टरांची वेगळी येणारी बिलं माफ होत नाहीत, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

आईंच्या मधुमेहासाठी उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत, न्यू ब्रन्सविकला आणि पर्थ अँबॉयला. दर तीन महिन्यांची एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी), पायांची तपासणी, औषधं, सगळं तिथे होतं. लाजू नका. ती केंद्रं त्यासाठीच आहेत.

आता माझी काळजी सांगते. एनजे फॅमिलीकेअरवर राज्यात सुमारे १८ लाख लोक आहेत. नव्या कायद्यामुळे साडेतीन लाखांपर्यंत लोकांचा विमा जाऊ शकतो, असा राज्य सरकारचा अंदाज आहे. ही माणसं आजारी पडायची थांबणार नाहीत. ती रक्तदाबाच्या गोळ्या बंद करतील आणि सहा महिन्यांनी पक्षाघात घेऊन इमर्जन्सीत येतील. कायद्याने रुग्णालयाला त्यांना स्थिर करावंच लागतं. तो खर्च रुग्णालयावर पडतो. त्यातच, अनेक काउंट्यांमध्ये रुग्णालयांवर शुल्क लावून त्यावर फेडरल जोडनिधी मिळवायची जी पद्धत आहे, तीही २०२८ पासून टप्प्याटप्प्याने ६ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आणायची आहे. पैसा आटला की कात्री आधी कशाला लागते ते आम्ही पाहिलंय: प्रसूती विभाग, मानसोपचार, रात्रपाळीचा कर्मचारीवर्ग. तुमचा विमा कितीही उत्तम असो, रुग्णालय सगळ्यांचं एकच असतं.

रारिटनकाठी

मावसबहिणीबद्दल. कामाच्या तासांचा नियम आज लागू नाही. १ जानेवारी २०२७ पर्यंत राज्यांना तो सुरू करायचा आहे. १९ ते ६४ वयाच्या, ओबामाकेअरच्या २०१४ च्या विस्तारात मेडिकेड मिळालेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजकार्य दाखवावं लागेल. १३ वर्षं किंवा त्याहून लहान मूल घरी असलेल्या पालकांना, गरोदर बायकांना आणि गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना सूट आहे.

तासांऐवजी कमाईही चालते, हे फार कमी जणांना माहीत आहे. महिन्याला ५८० डॉलर मिळवले की अट पूर्ण. हा आकडा ताशी ७.२५ या फेडरल किमान वेतनावरून काढलाय. न्यू जर्सीचं किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १५.४९ डॉलर आहे, म्हणजे तिला महिन्याला चाळीस तासांच्या आतच ती रक्कम मिळते. ताईंना सांगा, घाबरू नका, पण पगाराच्या पावत्या आजपासून एका फाइलमध्ये ठेवा.

खरा धोका कागदांचा आहे. आर्कान्सामध्ये २०१८ साली असाच नियम आणला तेव्हा काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. त्यातले बरेच जण काम करत होते किंवा सूट मिळायला पात्र होते, नोंद तेवढी पोहोचली नव्हती. त्यात आता पात्रतेची तपासणी वर्षातून एकदाऐवजी दर सहा महिन्यांनी होणार. पत्ता बदललाय आणि काउंटीच्या सोशल सर्व्हिसेसला कळवलं नाही, पत्र जुन्या घरी गेलं, की विमा बंद. आणि कामाच्या अटीमुळे मेडिकेड गेलं तर बाजारातल्या विम्यावरची सवलतही मिळत नाही. तेव्हा पत्ता आणि फोन नंबर आजच तपासून घ्यायला सांगा.

फराळवाली_सॉमरसेट

आमचं वेगळं दुखणं. आम्ही दोघं नागरिक, छोटा केटरिंगचा धंदा, वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास. वाढीव सवलत गेली तर आम्ही दारिद्र्यरेषेच्या चारशे टक्क्यांच्या वर जातो आणि काहीच मिळत नाही म्हणे. वय ५८ आणि ६१. दोघांचे मिळून येणारे आकडे बघून रात्रीची झोप उडालीय.

जमाखर्च

ताई, दोघांसाठी २०२६ च्या विम्याला ती रेषा ८४,६०० डॉलर आहे. ती ओलांडली की एका डॉलरनेही फेडरल सवलत पूर्ण जाते. पण इथे करातल्या काही वजावटी काढून उरणारं उत्पन्न धरतात. स्वतःचा धंदा आहे, तेव्हा एसईपी-आयआरएत (धंदेवाल्यांच्या निवृत्ती खात्यात) निवृत्तीसाठी पैसे टाकले की उत्पन्न तेवढं कमी होतं. २०२६ पासून बाजारातले सगळे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला (करमुक्त वैद्यकीय बचत खात्याला) पात्र आहेत. दोघांच्या प्लॅनवर ८,७५० पर्यंत त्यात ठेवता येतात आणि तेही वजा होतात. नव्वदवरून चौऱ्याऐंशीच्या आत येणं तुम्हाला कायदेशीरपणे सहज शक्य आहे. शिवाय राज्याची स्वतःची 'एनजे हेल्थ प्लॅन सेव्हिंग्ज' ही मदत ६०० टक्क्यांपर्यंत असते. अर्ज नव्याने भरा. जुना प्लॅन आपोआप पुढे जाऊ देऊ नका.

फराळवाली_सॉमरसेट

देव तुमचं भलं करो. आजच सीपीएला फोन करते.

एच१बी_प्लेन्सबरो

व्हिसावर असलेल्यांनीही वाचा: १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा) वगैरेंना बाजारातल्या विम्यावर कसलीही सवलत नाही. नोकरी गेली तर पूर्ण किंमत किंवा कोब्रा (जुन्या नोकरीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवणं). नोकरकपातीच्या दिवसांत बचतीचा हिशेब यासकट करा. मुलांसाठी मात्र एनजे फॅमिलीकेअर दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्क्यांपर्यंत मिळतं, आणि न्यू जर्सी १९ वर्षांखालच्या मुलांचं इमिग्रेशन स्टेटस बघत नाही.

कोथरूडकर_आजी

मी मुलाकडे सहा वर्षं राहून परत आले. बाळांनो, आईबाबांची भारतातली पॉलिसी बंद करू नका. नसेल तर नवी घ्यायला आता वयाची ६५ ची अट राहिलेली नाही, वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून आत्ताच घेतलेली बरी. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया, गुडघे, मोतीबिंदू, पुण्यात होतील. फक्त ग्रीनकार्ड आहे, तेव्हा बाहेर किती राहायचं ते वकिलाला विचारून.

मेतकूट_भात

आजी, मनापासून आभार. पॉलिसी चालू आहे, बंद करणार होतो, आता नाही करणार. बाबांसाठी ब्रॉन्झ घ्यायचं ठरवतोय. मेडिकेअरचं (६५ वरच्यांच्या सरकारी विम्याचं) काय? माझी इथे पंधरा वर्षांची नोकरी आहे, माझे क्रेडिट्स (कर भरून केलेल्या कामाची नोंद) त्यांना चालतील का?

रारिटनकाठी

नाही. स्वतःचे किंवा जोडीदाराचेच चालतात. पण ६५ च्या वरचा ग्रीनकार्डधारक सलग पाच वर्षं इथे राहिला की मेडिकेअर विकत घेऊ शकतो. पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाचा) महिन्याचा हप्ता २०२६ मध्ये २०२.९० डॉलर आहे, पार्ट ए (रुग्णालयाच्या खर्चाचा) विकत घ्यायचा तर ५६५. दोन्ही मिळून साडेसातशेच्या वर, पण हृदयरोग असलेल्या माणसाला तो पक्का आधार आहे. बाबांच्या कार्डावरची 'रेसिडेंट सिन्स' तारीख बघा, तिच्यात पाच वर्षं मिळवा आणि त्याच्या तीन महिने आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. मुदत चुकली तर पार्ट बीच्या हप्त्यात कायमचा दंड लागू शकतो.

जानेवारी २०२६ पासून विमा हवा असेल तर ३१ डिसेंबर २०२५ च्या आत नोंदणी करा. नोंदणीची खिडकी ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उघडी आहे, पण तेव्हा केलेली नोंदणी नंतरच्या महिन्यापासून धरतात. नॅव्हिगेटर (अर्ज भरायला मदत करणारे प्रशिक्षित लोक) फुकट मदत करतात, आईबाबांना सोबत न्या. आणि एडिसनला राहता म्हणून सांगतो: तुमचे खासदार फ्रँक पॅलोन, मेडिकेड ज्या समितीच्या अखत्यारीत येतं तिथले सर्वांत वरिष्ठ डेमोक्रॅट. त्यांच्या कार्यालयाला आईबाबांचं हे पत्र पाठवा. पाच वर्षांच्या अटीत अडकलेल्या आईवडिलांबद्दल तिथे फारसं कुणी बोलत नाही. आपण बोललो तरच ते कळेल.

चिंच_गूळ

रारिटनकाठी, सासूबाईंच्या पत्राची प्रतही पाठवते. पत्राचा मसुदा इथेच टाकाल का? आमच्या बिल्डिंगमध्ये अशी अजून चार घरं आहेत.

रारिटनकाठी

टाकतो, आज रात्री.