आधी हवा मोजायला शिकवा, मग भाषण

महिला शेतकरी कंपनीच्या संचालिकांना आधी सभेत धीटपणे बोलायचं प्रशिक्षण द्यावं, असं काही जण सुचवतात. द्या की, पण क्रम उलटा वाटतो. लातूरच्या आडतीवर (शेतमाल विकून देणाऱ्या दलालाच्या दुकानात) आवाजाला कोण विचारतं, तिथं आकडा चालतो. सोयाबीनच्या हंगामाआधी प्रत्येकीला हवा (म्हणजे दाण्यातला ओलावा) मोजता आली पाहिजे. नमुना एकाच कट्ट्यातून (पोत्यातून) घेऊ नका. पाच-सहा कट्ट्यांतला, वरचा-खालचा मिसळा, माती-काडी काढा, ओलावा मोजायच्या मीटरवर पीक म्हणून सोयाबीनच निवडलंय ना ते बघा आणि तीन वेळा मोजून सरासरी धरा. उन्हातून आणलेला गरम माल लगेच मोजला की आकडा चुकू शकतो.

पुढचा हिशेब तर कुणी शिकवतच नाही. 15 टक्के हवेचा 1 क्विंटल माल 12 टक्क्यांवर वाळवला तर 100 × 85 ÷ 88, म्हणजे 96.6 किलो उरतो. हवेपोटी रास्त घट साडेतीन किलोच्या आतच. व्यापारी 5 किलो कापायला लागला की हे गणित कागदावर मांडायचं. मोजणारी बाई मात्र दर आठवड्याला बदला, नाहीतर सगळं शहाणपण अध्यक्षबाईंपाशीच साठतं.