सीसॅटचे उतारे: प्रश्न आधी की उतारा आधी?

(सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद; नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

बी-२०४: नमस्कार. धाकटीची राज्यसेवा पूर्व परीक्षा आहे. पेपर एक बरा जातो, पण सीसॅटच्या, म्हणजे उतारे आणि तर्काचे प्रश्न असलेल्या दुसऱ्या पेपरच्या, सरावात शेवटचे दोन-तीन उतारे राहूनच जातात. क्लासमध्ये सांगतात, आधी प्रश्न वाचा, मग उतारा. ती तसंच करते, तरी वेळ पुरत नाही. ए-५०१ ताई, तुम्ही हा पेपर दिलाय, काही सुचवाल का?

ए-१०३: वेग वाढवायला सांगा. रोज एक अग्रलेख वाचायचा.

ए-५०१: काका, अग्रलेख वाचावाच. पण कुठला उतारा कसा हाताळायचा, हे त्यातून कळत नाही. काकू, दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एकाला दीड मिनिट. पाच प्रश्नांच्या उताऱ्याला वाचनासकट साडेसात मिनिटं. थेट माहिती विचारली असेल, एखादं कारण किंवा नाव, तर प्रश्न आधी वाचून फायदा होतो. पण ‘अ, ब, क पैकी कोणती विधाने योग्य?’ असे प्रश्न आले की पाच प्रश्नांची मिळून पंधरा विधानं होतात. ती आधी वाचून लक्षात कशी राहणार? मग तिला उताऱ्यानंतर सगळी पुन्हा वाचावी लागतात. तिथे उतारा आधी, सावकाश, एकदाच वाचायचा. प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे एवढं मनाशी पक्कं करायचं, म्हणजे विधान तपासायला कुठे जायचं ते कळतं.

सी-३०३: आमचा मुलगा कायम प्रश्नच आधी वाचतो. त्याचे बरोबर येतात की.

ए-५०१: मग दादा, त्याला अजिबात बदलायला लावू नका! ज्याचं त्याने करून बघायचं. लोकसेवा आयोगाच्या जुन्या पेपरातले चार उतारे घ्या, दोन एका पद्धतीने, दोन दुसऱ्या. वेळ लिहा, बरोबर किती ते लिहा. आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कारण लिहा. उताऱ्यात नसलेली गोष्ट स्वतःच्या माहितीवरून धरली, की विधानातला ‘फक्त’, ‘सर्वच’ नजरेतून सुटला? या चुका वेग वाढवून जात नाहीत, उलट वाढतात.

बी-२०४: घड्याळ लावलं की ती घाबरते हो.

ए-५०१: मग आधी दोन उतारे घड्याळाशिवाय सोडवू द्या. तेव्हाही उत्तरं चुकली, तर अडचण वेळेची नाहीच, समजण्याची आहे. आणि शेवटचे उतारे राहतात ते शेवटी छापलेत म्हणून, अवघड असतात म्हणून नव्हे. सुरुवातीला दोन मिनिटं पेपर चाळून क्रम स्वतः ठरवायचा. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना, म्हणजे प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल?’ विचारतात त्यांना, उणे गुण नसतात, ते कोरे सोडायचे नाहीत.

ए-१०३: पण उतारे सोडले तर मार्क जाणार ना?

ए-५०१: काका, २०२२ पासून हा पेपर पात्रतेपुरता आहे, म्हणजे नुसता पास व्हायचा, २०० पैकी ६६ हवेत. एका प्रश्नाला अडीच गुण, चुकलं तर त्याचा पाव भाग कापतात. एक किचकट उतारा सोडला तर बिघडत नाही, घाईत चार प्रश्न चुकवले तर बिघडतं.

सी-३०३: मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला असला तर?

ए-५०१: एकाच भाषेत वाचायचा. शब्द अडला तरच दुसरीकडे डोकवायचं. काकू, रविवारी तिला जुना पेपर घेऊन वर पाठवा. चुकलेली उत्तरं आम्ही दोघी बसून बघतो.

बी-२०४: पाठवते गं. अकराला चालेल?

ए-५०१: चालेल. सोडवलेला पेपरच आणू दे, कोरा नको.