‘धिस इज अमेरिका’मधला गिटारवाला कोण?

कडबोळे

मे 2018मध्ये आलेला चाइल्डिश गॅम्बिनोचा, म्हणजे अमेरिकी नट-गायक डोनाल्ड ग्लोव्हरचा, ‘धिस इज अमेरिका’ हा गाण्याचा व्हिडिओ परवा पुन्हा पाहिला. दिग्दर्शक हिरो मुराई. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मोठं मोकळं गोदाम, खुर्चीवर बसून गिटार वाजवणारा एक माणूस. ग्लोव्हर डुलत डुलत त्याच्या मागे येतो तोवर त्या माणसाच्या डोक्यावर पिशवी चढलेली असते. ग्लोव्हर पिस्तूल काढतो आणि गोळी घालतो. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा लाल कापड घेऊन पळत येतो. पिस्तूल त्यात अलगद ठेवलं जातं, प्रेत मात्र फरफटत नेतात. मग नाच, शाळकरी पोरांसोबत. मागे पळापळ, आग, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार.

तो स्वार मला पहिल्या वेळी दिसलाच नव्हता. नाच बघत होतो ना!

संस्कृती आणि माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने 1973मध्ये टीव्हीबद्दल एक मांडणी केली. बनवणारा अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा तो आपल्या शिदोरीप्रमाणे सोडवतो. कोणी पाठवणाऱ्याच्या मनासारखा घेतो, कोणी थोडं मान्य थोडं अमान्य करतो, कोणी साफ उलटा लावतो. माझं म्हणणं असं, की या व्हिडिओला थिअरी बाहेरून लावावीच लागत नाही. आपण कसं बघतो, हाच त्याचा विषय आहे. नाच बघणारा प्रेक्षक त्यात आधीच धरलेला आहे.

खडूस मास्तर

मीडियाच्या पोरांचे पेपर तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा कडू बोलतो. थिअरी बाहेरून लावावी लागत नाही असं वाटतं तेव्हाच ती सगळ्यात जोरात लावलेली असते.

गिटारवाल्याचंच घ्या. व्हिडिओ आला आणि नेटवर बोंब झाली, की हा ट्रेव्हॉन मार्टिनचा बाप. ट्रेव्हॉन म्हणजे 2012मध्ये फ्लोरिडात गोळी घालून मारलेला 17 वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा. झालं! पोराचा शोक करणारा बाप, त्यालाच पुन्हा गोळी, किती धारदार प्रतीक वगैरे. प्रत्यक्षात तो निघाला कॅल्विन द सेकंड नावाचा संगीतकार. म्हणजे चुकीच्या माणसावर बरोबर अर्थ बसला! व्हिडिओत मध्येच गाणं थांबतं, ती शांतता मोजून कोणी 17 सेकंद काढले आणि फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबाराच्या 17 बळींशी जोडले. उद्या कोणी 16 मोजले तर 16ची घटना सापडेल.

हॉलच्या तीन खणांत जगातला कुठलाही प्रेक्षक बसतो. जी चाळणी काहीच गाळत नाही तिचं करायचं काय?

संकलनमेज

मास्तर, गिटारवाल्याचं बिनशर्त मान्य. पण आपण सगळे चित्राबद्दलच बोलतोय. कान कुठे आहेत?

पॉप व्हिडिओवर अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने 1992च्या पुस्तकात एक कामाची गोष्ट सांगितली: गाण्याचे शब्द आणि चित्र यांचं नातं तपासा. चित्र शब्द नुसते दाखवतं, फुगवून दाखवतं, की त्यांच्याशी फटकून वागतं? इथे सुरुवातीला गिटार, कोरस, गोड चाल. पहिली गोळी सुटते त्याच क्षणी चाल तुटते आणि खालून ट्रॅपचा, म्हणजे रॅपमधल्या एका प्रकाराचा, जाड बेस येतो. गाण्याचा सांधा गोळीवर बसवलाय. हे मोजता येतं, कोणाच्या बापाची ओळख पटवावी लागत नाही.

दुसरी जागा. गाण्यात मोबाइल आणि ‘टूल’ हे शब्द लागोपाठ येतात. ‘टूल’ म्हणजे बोलीत बंदूक. नेमका तिथे कॅमेरा वर उचलला जातो. वरच्या कठड्यावर तोंडाला पांढरी फडकी बांधलेली पोरं, हातात फोन, सगळं शूट करताहेत. त्याच वर्षी 18 मार्चला सॅक्रामेंटोत पोलिसांनी स्टेफॉन क्लार्कला मारलं, त्याच्या हातात फक्त मोबाइल होता. हा संबंध मी लावतोय, कबूल. पण त्या दोन शब्दांवर कॅमेरा वर जातो, हे मी लावलेलं नाही.

रात्रपाळी

न्यू जर्सीहून लिहिते. तुमची चर्चा हुशार आहे, पण मला थोडी गारही वाटली.

माझी मुलगी पहिलीत असल्यापासून शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ करते, म्हणजे बंदूकवाला शाळेत शिरला तर काय करायचं याची तालीम. दिवे बंद, कोपऱ्यात बसायचं, आवाज नाही. त्यामुळे तो चर्चच्या गायकांचा प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहू शकले नाही. ग्लोव्हर दारातून नाचत येतो, कोणी रायफल फेकतं, आणि गाणारी माणसं क्षणात आडवी. सगळ्यांना 2015चा चार्ल्सटनच्या चर्चमधला गोळीबार आठवला. तिथे 9 माणसं मेली, आणि ती बायबल वाचायला जमली होती. इथे ती सुरात गाताहेत, कारण गाण्याच्या व्हिडिओत तसं छान दिसतं. मरण तालात बसवलं की तेही कोरिओग्राफी होतं. प्रेक्षकाला नाच बघितल्याबद्दल दोषी ठरवायचं, आणि नाच दाखवूनच गाणं बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियता-यादीच्या पहिल्या नंबरवर न्यायचं. 2019मध्ये 4 ग्रॅमी. टीका कोणावर, कमाई कोणाची?

कडबोळे

रात्रपाळी, याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की कॅमेरा प्रेतांवर रेंगाळत नाही, ग्लोव्हरबरोबर पुढे निघून जातो. ती निर्दयता मला मुद्दाम केलेली वाटते. पण मुद्दाम केलेली निर्दयताही निर्दयताच, हे खरं.

मास्तरांच्या चाळणीबद्दल मात्र भांडतो. पहिली गोळी घालताना ग्लोव्हर एक पाय वाकवून, कंबरेत मुडपून विचित्र उभा राहतो. मला ते नुसतं नाचातलं वाटलं. अमेरिकेतल्या अनेकांनी लगेच दाखवून दिलं, की ही 1830च्या दशकातल्या ‘जिम क्रो’च्या चित्रांची ढब आहे. तोंड काळं रंगवून काळ्यांची नक्कल करणारा गोरा नट, त्याची. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना तेच नाव पडलं. तीच चौकट, माझ्याकडे शिदोरी नव्हती म्हणून मला नाच दिसला, त्यांना दीडशेहून जास्त वर्षं दिसली. हॉलने सांगितलं ते हेच, आणि चित्र शेजारी ठेवून ते तपासता येतं. बापाची अफवाही तशीच तपासली गेली, म्हणून तर पडली.

खडूस मास्तर

ती तपासली थिअरीने नव्हे, बातमीदारांनी. पण जिम क्रोचं मान्य. पेपरात कोणी मूळ चित्र शेजारी चिकटवून आणलं तर मी मार्क देतो. बहुतेक पोरं फक्त ‘इंटरटेक्स्च्युअलिटी’ (एका कलाकृतीत दुसरीचा संदर्भ) लिहितात आणि पान उलटतात.

नवखा

मध्येच बोलतो. याच व्हिडिओवर कार्ली रे जेप्सनचं गोडगुलाबी गाणं चिकटवलेली क्लिप तेव्हा फिरत होती, आणि ती बऱ्यापैकी जुळते! मग संकलनमेजवाले म्हणतात तो सांधा गेला कुठे?

संकलनमेज

नाच जुळतो, ठेका जवळपास कशावरही जुळतो. गोळीवर मात्र काहीच तुटत नाही, म्हणून हसू येतं. सांधा काढला की काय उरतं ते त्या क्लिपमध्ये दिसतं.

बाकी, गिटारवाला शेवटाकडे परत येतो हे कोणी लिहिलंच नाही. ग्लोव्हर गाडीच्या टपावर नाचतो तिथे तो बसलाय. वाजवतोय. डोक्यावर पिशवी तशीच.

खडूस मास्तर

हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. म्हणजे मेलेला माणूस वाजवतोय? की करमणूक करणारा मेला तरी सुटत नाही?

कडबोळे

मास्तर, तुम्हीपण सुरू झालात.